लास्ट बट नॉट द लिस्ट

आमच्या जिल्ह्यात कोपरगावपासून जामखेडपर्यंत कार्यक्रम कुठलाही असो, कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन असो की शाळेचं स्नेहसंमेलन, आभार मानायला उठलेला गृहस्थ कागदाच्या तळाशी आला की घसा साफ करतो आणि गरजतो, ‘अँड लास्ट बट नॉट द लिस्ट!’

लीस्ट नव्हे, लिस्ट. म्हणजे यादी. आणि खरोखरच पुढे ज्याचं नाव येतं तो यादीत नसतो. तो मंडपवाला असतो, साउंडवाला असतो, नाहीतर आचारी. पत्रिकेवर स्वागतोत्सुकांची नावं मुंगीच्या अक्षरात छापलेली असतात, त्यातही तो नसतो. तेव्हा आभार मानणाऱ्याचं इंग्रजी कच्चं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. दिवसभरात त्या व्यासपीठावरून इतकं खरं दुसरं काही बोललं गेलेलं नसतं.

मूळ अर्थ साधा आहे: नाव शेवटी, पण मान कमी नाही. अर्थात हे एकदाच म्हणायचं असतं. इथे चेअरमन लास्ट, त्यांच्यामागून सरपंच लास्ट, मग आठवण झाली म्हणून मुख्याध्यापकही लास्ट.

‘ज्युलियस सीझर’ नाटकात याच अर्थाचे शब्द येतात ते खुनानंतर. सीझरचं प्रेत समोर पडलेलं, त्याचा मित्र अँटनी कटवाल्यांचे रक्ताळलेले हात एकेक करून हातात घेतो आणि सगळ्यात शेवटी ट्रेबोनियसला सांगतो, की तू अखेरचा असलास तरी प्रेमात उणा नाहीस. हा ट्रेबोनियस म्हणजे खुनाच्या वेळी अँटनीला बाजूला घेऊन गेलेला. थोडक्यात, तोंडावर आभार आणि पोटात सूड. आपल्याकडे पोटात सूड नसतो, भूक असते. पंगत बसायची घाई असते, म्हणून मंडपवाल्याचं नाव राष्ट्रगीताच्या गडबडीत उरकतात. शाली तोवर संपलेल्या असतात, नारळही. आणि बिल मागायला गेला की ‘उसाचं पेमेंट येऊ दे, मग बघू’. पहाटेपासून खांब रोवणाऱ्या माणसाला ही भाषा? हार-तुऱ्यांचे पैसे बरे रोख निघतात!

ज्ञानेश्वरी याच जिल्ह्यात, नेवाशाला सांगितली गेली. तिच्या अखेरीस शके १२१२ या सालाबरोबर लेखनिकाचं नावही नोंदलेलं आहे. शेवटी, पण यादीत.

आभार मानणाऱ्यांनो, यंदा मंडपवाल्याचं नाव विसरलात तरी चालेल. बिल तेवढं पंगतीआधी द्या.