मॅटर जवळजवळ तयार आहे

क्रमिक पुस्तक लिहिणारे सर पुस्तक पहिल्या पानापासून लिहीत नाहीत. ते मुखपृष्ठापासून लिहितात. एसटीनं वाकडेवाडीला उतरून, रिक्षावाल्याशी मीटरवरून वाद घालून ते अप्पा बळवंत चौकातल्या आमच्या प्रकाशनाचा जिना चढतात, तांब्याभर पाणी पितात आणि पिशवीतून पहिला कागद काढतात तो मुखपृष्ठाचा. त्यावर स्केचपेननं स्वतःचं नाव, नावापुढे एम. ए., एम. फिल., पीएच. डी., नेट, सेट, त्याखाली 'अर्थशास्त्र विभागप्रमुख', त्याखाली महाविद्यालय, तालुका, जिल्हा. पुस्तकाचं नाव उरलेल्या जागेत. "निळा रंग नको हं ताई," ते बजावतात. "निळं गेल्या वर्षी सिन्नरच्या सरांचं होतं."

दुसरा कागद मनोगताचा. मॅटरची एक ओळ हातात नसते, पण मनोगत टाइप होऊन, दोनदा तपासून, सहीसकट तयार असतं. त्यात संस्थेचे अध्यक्ष येतात, सचिव येतात, प्राचार्य, उपप्राचार्य, ग्रंथपाल, एक माजी आमदार, सौ. आणि दोन्ही मुलं. शेवटी आमचेही आभार असतात, अल्पावधीत सुबक छपाई केल्याबद्दल. छपाईचा कागद अजून गिरणीतून निघालेला नसतो. पण एकदा आभार मानून घेतल्यावर माणसाला नाही म्हणणं जड जातं, हे सरांना मागणी-पुरवठ्यापेक्षा पक्कं ठाऊक आहे.

"आणि मॅटर, सर?"

"जवळजवळ तयार आहे. सोमवारी मेल करतो."

कुठला सोमवार, हे विचारायचं नसतं.

सर पुस्तक का लिहितात, याचं एक कारण विद्यापीठ. अभ्यासक्रम बदलला की जुनं पुस्तक रद्दीत जातं, आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर तर अभ्यासक्रमांचे असे वाटे झाले की एका जाड पुस्तकाची चार बारीक पुस्तकं व्हावीत. दुसरं कारण नंबर. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2010 च्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजायला सुरुवात केली, आणि आयएसबीएन असलेल्या पुस्तकाला किंमत आली. तेव्हापासून सरांचा पहिला प्रश्न मानधनाचा नसतो. "नंबर मिळेल ना?" असा असतो. 978 नं सुरू होणारे ते तेरा आकडे दिल्लीच्या राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या संस्थेकडून येतात आणि फुकट मिळतात. सर ते पाठ करतात. लोणच्या-मुरंब्यांच्या पुस्तकालाही असाच नंबर पडतो, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. बढती जवळ आलेल्या माणसाशी असं बोलू नये.

मग एके दिवशी मॅटर येतं, म्हणजे यायला लागतं. काही पानं परीक्षेच्या उरलेल्या पुरवण्यांवर हातानं लिहिलेली, समासात 'येथे लिहू नये' अशी सूचना असलेली. काही पेनड्राइव्हवर, श्री-लिपीच्या कुठल्याशा जुन्या आवृत्तीत, जी आमच्या यंत्रावर उघडली की पडद्यावर नुसत्या रोमन अक्षरांचा शिमगा उसळतो. "तुमच्या कॉम्प्युटरला मराठी येत नाही का?" सर फोनवर काळजीनं विचारतात. यूनिकोडात आणलं की रफार एक घर पुढे जाऊन बसतो आणि पोटफोड्या षचा कुणीतरी वेगळाच होतो. उरलेली पानं व्हॉट्सॲपवर, फोटो काढून. त्यातल्या दोन फोटोंत सरांचा अंगठा आहे.

आकृत्यांची कथा वेगळीच. मागणी वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो, ही एवढी एक गोष्ट मला या धंद्यात कळली आहे. सरांच्या घटक दोनमध्ये तो छाती काढून वर चढत होता. बारकाईनं पाहिलं तेव्हा कळलं, फोटो पुढच्या कॅमेऱ्यानं काढल्यामुळे आकृती आरशातल्यासारखी उलटली होती. अक्षही उलटे, अक्षांवरची अक्षरंही उलटी. मी फोन केला. सर क्षणभर थांबले. "असू द्या ताई. खाली 'गिफेन वस्तू' असं टाका." आणि खरंच, किंमत वाढली तरी ज्यांची मागणी वाढते अशा हलक्या प्रतीच्या वस्तूंना गिफेन वस्तूच म्हणतात. या माणसाला विषय येत नाही, असं कुणी म्हणू नये.

विषय येतो. फक्त तो पुस्तकात आणण्यापेक्षा आधीच्या पुस्तकातून आणणं सोपं पडतं. त्यामुळे सरांच्या मॅटरमध्ये नियोजन आयोग अजून दर पाच वर्षांनी योजना आखतो. त्याच्या जागी 1 जानेवारी 2015 ला नीती आयोग आला, ही बातमी सरांच्या निफाड तालुक्यात पोचलेली नाही. महाराष्ट्रात जिल्हे 35 आहेत, पालघर अजून ठाण्यातच आहे. ॲडम स्मिथचा ग्रंथ 1776 चा. इथे तो 1767 मध्ये निघाला. मी हळूच दाखवलं, तर सर म्हणाले, "तीन पुस्तकांत असंच आहे." तिन्ही पुस्तकं त्यांनी पिशवीतून काढून दाखवली. कुठल्या तरी जोडणाऱ्याच्या हातून कधीकाळी उलटलेले दोन आकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते, वतन असावं तसे. एका बाबतीत मात्र सरांना बोल लावता येत नाही. लोकसंख्या ते 2011 ची देतात, आणि पुढची जनगणना 2021 ला झालीच नसल्यामुळे तीच चालते. ते पान त्यांनी सहीसारख्या ठाम अक्षरात लिहिलं आहे.

सहलेखक दोन. पहिले प्राचार्य, ज्यांनी पुस्तक पाहिलेलं नाही पण नाव पहिलं आहे. दुसऱ्या शेजारच्या कॉलेजातल्या मॅडम, ज्यांनी दोन घटक खरोखर लिहिले आहेत आणि ज्यांचं नाव शेवटी आहे. मॅडमच्या घटकांत 'तुष्टिगुण' आहे, सरांच्या घटकांत 'उपयोगिता', आणि एका घटकात, जो कुणी लिहिला ते कुणीच कबूल करत नाही, 'युटिलिटी'. एकच शब्द ठेवूया म्हटलं, तर सरांना पटलं. पण स्वाध्याय मॅडमनी आधीच पाठवले होते, आणि त्यात प्रश्न होता: 'उपयोगिता व तुष्टिगुण यांतील फरक स्पष्ट करा. (5 गुण)'

प्रूफं सर घरी नेतात. प्रूफ हे चुका काढण्यासाठी असतं, हा आमचा समज. सरांच्या मते ते लिहायला सुरुवात करण्यासाठी असतं. काना-मात्रेच्या चुका जागच्या जागी राहतात आणि समासात नवे परिच्छेद उगवतात, बाण काढून मागच्या पानावर जातात, तिथून तारा करून पुढे. हस्तलिखित मागितलं तेव्हा जो माणूस सोमवार सांगत होता, त्याला छापलेलं पान दिसताच रात्रीचे दोन वाजेपर्यंत सुचत राहतं.

या सगळ्यात चार पानं मात्र अशी निघाली की मी ती दोनदा वाचली. कांद्याची. लासलगावच्या लिलावाची. भाव दुप्पट झाला तरी घरात कांदा पाव किलो तरी येतोच, म्हणून ग्राहकाची मागणी ताठर. यंदा भाव चढला म्हणून शेतकरी पुढच्या हंगामाला सगळं रान कांद्याखाली घालतो, सगळ्यांचा माल एकदम उतरतो आणि भाव आपटतो. मग पुढच्या वर्षी कुणी लावत नाही. ट्रॅक्टरची रांग, व्यापाऱ्याची बोली, चाळीत सडलेला माल, सगळं होतं. एकही खोडाखोड नव्हती आणि कुठलंही संदर्भपुस्तक नव्हतं. एफ. वाय.च्या ज्या पोराचा बाप त्याच रांगेत उभा असतो, त्याला मराठीत हे वाचायला दुसरीकडे कुठे मिळणार आहे?

तर पानं वाढली. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात. तीन पानं वर गेली की एकतर आणखी फर्मा घ्यायचा नाहीतर छाटायचं. मालक फर्मा वाढवणार नव्हते. मी सरांना विचारलं, काय काढू?

"कांदा काढा," सर चटकन म्हणाले. "ते काय, आपलं घरचंच आहे. परीक्षेला येत नाही."

"त्यापेक्षा मनोगत कमी करूया ना सर. तीन पानांचं आहे."

पलीकडे इतका वेळ काही ऐकू येईना की मला वाटलं रेंज गेली. मग सर एकेक नाव सोडायला लागले. आधी दोन्ही मुलं गेली. मग सौ. गेल्या, पण "तिला मी सांगतो" असं म्हणून. मग ग्रंथपाल. माजी आमदारांपाशी बराच वेळ गेला. निवडणूक कधी आहे ते त्यांनी मलाच विचारलं, आणि आमदार राहिले. शेवटी उपप्राचार्य काढले आणि दोन पानं वाचली. उरलेलं एक मी जुन्या प्रश्नपत्रिकांतून वाचवलं. फाइल बंद केली, प्रेसला कळवलं.

रात्री साडेदहाला फोन. "ताई, छपाई थांबवा. आमचे प्राचार्य रजेवर गेलेत. चार्ज उपप्राचार्यांकडे आलाय."

फर्मा तेवढाच आहे. कांद्याची पानं आता नऊ पॉइंटात बसवली आहेत. उपप्राचार्य बारा पॉइंटात आहेत, ठळक.