पाच पायांचा रिले आणि विरार फास्ट

नालासोपाऱ्याच्या आचोळ्यात पाणी दोन प्रकारचं असतं: न आलेलं आणि वाया गेलेलं. न आलेल्या पाण्यावर निवडणुकीला उभे राहणारे बोलतात. वाया गेलेल्या पाण्यावर फक्त आमच्या सोसायटीची सभा बोलते. खालच्या टाकीतलं पाणी पंपाने गच्चीवर चढतं. पंप चालू करायला वॉचमन हजर असतो, बंद करायच्या वेळी मात्र तो कोणाची तरी गाडी रिव्हर्स घेऊन देत असतो. मग पैसे मोजून मागवलेलं टँकरचं पाणी गच्चीवरून जिन्याने उतरून रस्त्याला लागतं.

सभेत ठरलं, ऑटोमॅटिक बसवायचं. तयार पेटीचा भाव ऐकून खजिनदारांनी चष्मा काढून ठेवला. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून माझा डिप्लोमाला असलेला पुतण्या म्हणाला, "काका, हे तर मी तीनशेत घरी बनवीन." त्याने आजवर बेलसुद्धा बनवलेली नव्हती, पण सभेला ‘तीनशे’ एवढंच ऐकू आलं. ठराव एकमताने मंजूर. सामान आणायला काकांनीही सोबत जावं, अशी उपसूचना आली आणि तिला अनुमोदन आमच्याच घरातून मिळालं.

सर्किट त्याने लाइटबिलाच्या पाठीवर काढलं होतं. मध्यभागी 555 नावाची आठ पायांची आयसी. हान्स कामेन्झिंड या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या इंजिनिअरने ती 1971 मध्ये सिग्नेटिक्स या अमेरिकन कंपनीसाठी आखली आणि आजही ती किराणा मालासारखी खपते. तिच्या पोटात तीन सारखे रेझिस्टर असतात, ते मिळालेल्या व्होल्टेजचे तीन समान वाटे करतात. एका पायावरचं व्होल्टेज एक तृतीयांशाच्या खाली गेलं की आउटपुट चालू. दुसऱ्या पायावरचं दोन तृतीयांशाच्या वर गेलं की बंद. मधल्या काळात जे चाललंय ते चालू द्यायचं. हे शेवटचं तत्त्व आमच्या कमिटीला लगेच पटलं.

बाकी यादी किरकोळ: बीसी 547 ट्रान्झिस्टर, 1एन 4007 डायोड, चार-दोन रेझिस्टर, एक झिरो पीसीबी आणि 12 व्होल्टचा पाच पायांचा रिले. "सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं, काका." हे वाक्य मुंबईत पिढ्यान् पिढ्या बोललं जातंय आणि ते खरंही आहे. फक्त ते बोलणारा सहसा दादरच्या अलीकडे राहत नाही.

रविवारी मला सुट्टी, रविवारी पुतण्याला सुट्टी, आणि रविवारीच लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं बंद. त्यात मेगाब्लॉक. म्हणून शनिवार. शेअर रिक्षात मागे तिघे, पुढे ड्रायव्हरच्या अर्ध्या सीटवर चौथा मी, असे आम्ही नालासोपारा स्टेशनला पोचलो. पुलावरून पश्चिमेकडे बघताना मला नेहमी जरा वाईट वाटतं. तिकडचं सोपारा हे एके काळचं शूर्पारक. दोन हजार वर्षांपूर्वी जगभरची गलबतं इथे माल उतरवत. 1882 मध्ये अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथेच सापडला. आधीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, आपण त्या सोडून धर्मयात्रा सुरू केल्या, असं त्यात सम्राट सांगतो. त्याच गावातून दोन रुपयांच्या ट्रान्झिस्टरसाठी पन्नासेक किलोमीटरची यात्रा करणाऱ्यांचा उल्लेख कोणत्याही शिलालेखात नाही.

विरार फास्ट विरारहूनच भरून येते. नालासोपाऱ्याला ती थांबते ती रेल्वेच्या वेळापत्रकाचा मान राखायला. पुतण्या आत शिरला, मी शिरवला गेलो. वसई रोड गेलं, खाडी गेली, भाईंदर गेलं. मला यातलं काही दिसलं नाही, फक्त एका गृहस्थांच्या खिशातलं पेन सविस्तर बघता आलं. लॅमिंग्टन रोडला जवळचं स्टेशन ग्रँट रोड, पण फास्ट गाडी तिथे थांबत नाही, म्हणून मुंबई सेंट्रलला उतरून चालत निघालो.

रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण 1903 ते 1907 मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टन अजून दुकानदारांच्या तोंडून उतरलेला नाही. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चालला. थिएटर गेलं, पण गब्बरची एक सवय रस्त्याने जपली आहे. इथेही पहिला प्रश्न "कितने?" हाच असतो.

"बीसी पाँच सौ सैंतालीस है?" पुतण्याने विचारलं.

"कितना?"

"दो."

"दो पाकिट?"

"नहीं. दो."

दुकानदाराने आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मागे कोणी मोठं माणूस उभं आहे का ते पाहिलं. हजारात मोजणाऱ्या घाऊक काउंटरवर दोन नग मागणं म्हणजे काय, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. त्याने अपमान केला नाही. नुसता हात करून बाजूची गल्ली दाखवली. नवशिक्याला एवढंच माहीत असलं तरी पुरे: हमरस्त्यावरची चकचकीत दुकानं पाकिटाची, आणि गल्लीतल्या, जिन्याखालच्या, फूटपाथला चिकटलेल्या फळ्या नगाच्या. तिथे ट्रान्झिस्टर दोन-तीन रुपयांना, आयसी दहाच्या आसपास, रिले वीस-पंचवीसला, आणि सल्ला फुकट.

रिले मागितल्यावर मात्र उलटतपासणी झाली. कितना वोल्ट? कितना अँपियर? पाँच पिन या छे? कंपनी का या चायना? पुतण्या एकेक उत्तर देत होता आणि मला अभिमान वाटत होता. मग फळीवाल्याने शेवटचा प्रश्न टाकला, "इसपे चलाना क्या है?" पुतण्या म्हणाला, "पंप." फळीवाला हसला, पण रिले दिला. गिऱ्हाइकाचं भलं आणि विक्री यांच्यात तो विक्रीच्या बाजूला उभा होता, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आयसीचे पाय वाकू नयेत म्हणून त्याने ती थर्माकोलच्या तुकड्यात खोचून दिली.

परतीच्या गाडीत तो थर्माकोल मी डोक्यावर धरून उभा होतो. विरार गाड्यांत भजनी मंडळं असतात. आमच्या डब्यातलं मंडळ बोरिवलीपर्यंत रंगात आलं होतं. टाळ वाजवणाऱ्या एका गृहस्थांचं लक्ष माझ्या हातातल्या नैवेद्याकडे गेलं. अभंग संपताच त्यांनी विचारलं, "555 का? टाकीचं करताय?" गृहस्थ नालासोपाऱ्याचेच, टीव्ही-फ्रिज दुरुस्तीवाले, आणि दुकान आमच्याच रस्त्यावर. आम्ही आचोळ्याहून ग्रँट रोडला ज्याच्या शोधात गेलो, तो माणूस सकाळी आमच्याच रिक्षातून गेला असता तरी नवल नव्हतं.

भाईंदरच्या खाडीवर त्यांनी टाळ मांडीवर ठेवून तासच घेतला. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॉट. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. साखरेच्या खड्याएवढ्या रिलेचे कॉन्टॅक्ट त्याने चिकटून बसतात. मग टाकी भरली काय नि वाहिली काय, पंप थांबत नाही, म्हणजे वॉचमन बरा. "पण पंपाच्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर असतोच की," ते म्हणाले. "हिरवं-लाल बटण असलेली पेटी. तुमच्या रिलेने फक्त त्याची कॉइल चालवायची. कॉइलवर 230 लिहिलंय ना, तेवढं बघा. 415 असेल तर या रिलेच्या नादी लागू नका, वायरमन बोलवा."

मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी माझा शनिवार वसूल झाला. फ्रिजचा मेलेला स्टॅबिलायझर. भंगारवाला तो वजनावर देतो. आत दोन-तीन रिले असतात, बहुधा 12 व्होल्टचे. 4007 डायोड असतात, ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, कंडेन्सर असतात. म्हणजे आमच्या यादीतलं जवळजवळ सगळं. फक्त त्यातला ट्रान्सफॉर्मर वापरायचा नाही. तो ऑटो ट्रान्सफॉर्मर; त्याची 12 व्होल्टची बाजू मेन लाइनपासून तुटलेली नसते. त्याच्यावर चालणाऱ्या सर्किटच्या तारा टाकीत सोडल्या तर बिल्डिंगच्या प्रत्येक नळाला महावितरण येईल. त्याऐवजी बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा 12 व्होल्टचा अडॅप्टर घ्यावा, तो प्रत्येक घरात एक तरी असतोच. पाण्यातल्या तारा तांब्याच्या नकोत, डीसीवर त्यातली पॉझिटिव्ह बाजू झिजून जाते. स्टेनलेस स्टील जास्त टिकतं. पुतण्याने हे फारच मनावर घेतलं. आमच्या घरातले दोन चमचे सध्या गच्चीवर असतात.

पेटी आता चालते. पुतण्याने तिला बायपासचं बटणही ठेवलं आहे. ते वॉचमनच्या मानासाठी आहे, तांत्रिक गरज म्हणून नाही. रिले फळीवाल्याचाच लागला आहे, कारण तो पुतण्याने परत करू दिला नाही. खजिनदारांनी हिशेबात प्रवासखर्च नामंजूर केला, ‘यात्रा वैयक्तिक स्वरूपाची’ असा शेरा मारून.

आता शेजारच्या दोन बिल्डिंगांनी पुतण्याला गाठलं आहे, आणि मला पुन्हा विरार फास्टमध्ये शिरवून घ्यायचं नाही. तेव्हा आचोळे, तुळींज आणि आसपासच्या वाचकांना विनंती: माळ्यावर मेलेला स्टॅबिलायझर पडला असेल तर भंगारात देऊ नका. आम्ही स्वतः येऊन घेऊन जाऊ, आणि भंगारवाल्यापेक्षा किलोमागे दोन रुपये जास्त देऊ.