बोट तोंडावर!

डिसेंबर लागला की पुण्यातल्या लोकांना सवाईचे आणि हुरड्याचे वेध लागतात. मला माकडटोप्या दिसू लागतात. आमच्या छोट्या गटातली मुलं सकाळी शाळेत येतात तेव्हा कुठलं मूल कुणाचं, हे नाकावरून ओळखावं लागतं, कारण तेवढंच उघडं असतं आणि तेही वाहत असतं. दहा-साडेदहाला ऊन चढतं, स्वेटर उतरतात, कोपऱ्यात त्यांचा ढीग होतो. शाळा सुटताना तो ढीग पुन्हा मुलांवर चढवायचा, हा आमच्या हिवाळी अभ्यासक्रमाचा गाभा.

माँटेसरीबाईंनी रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं ते ६ जानेवारी १९०७ ला, म्हणजे भर थंडीतच. मुलांना आपली बटणं आपण लावता यावीत म्हणून कापड ताणून बसवलेल्या लाकडी चौकटी ही त्यांचीच देणगी. त्या आमच्या वर्गातही आहेत. चौकटीवरची बटणं आमची मुलं झरझर लावतात. स्वतःच्या स्वेटरची वेळ आली की तीच मुलं दोन्ही हात पसरून संस्थानिकासारखी उभी राहतात. त्यात सगळ्या आज्यांनी लोकर बहुधा एकाच दुकानातून आणलेली. दुपारी पालकांच्या ग्रुपवर सुरू होतं, ‘ताई, हा स्वेटर आमचा नाही.’ मग, ‘ताई, स्वेटर आमचाच आहे, पण आत आणखी एक निघाला.’

या सगळ्यावर माझ्याकडे एकच हत्यार आहे, माझा आवाज. ठरावीक पट्टीत “बोऽट तोंडावर!” म्हटलं की वर्ग चिडीचूप. या आवाजाचा मला थोडा माज आहे, हे शाळेतल्या मावशीही सांगतील. अडचण एवढीच की शाळा सुटली तरी तो सुटत नाही. भाजीवाल्याने सुटे पैसे परत दिले की माझ्या तोंडून “शाब्बास!” निघतं. नवरा ऑफिसमधून आला की मी आधी डबा उघडून बघते आणि “भेंडी कुणी ठेवली?” असं विचारते. घरात दुसरं कुणी डबा नेत नाही.

तर नाताळ. शाळेत दरवर्षी मावशींचे यजमान सांता होतात. यंदा ऐन वेळी त्यांची दाढ सुजली. भाड्याचा लाल मखमली झगा येऊन पडलेला, दाढीसाठी कापसाची गुंडाळी आणलेली. मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हा सगळ्या शिक्षिकांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. “तुम्हीच व्हा,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला उशी बांधावी लागणार नाही.”

मी घंटी वाजवत वर्गात शिरले. क्षणभर छान शांतता होती. मग पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीने खणखणीत विचारलं, “ताई, तुम्ही दाढी का लावली?”

मी आवाज घोगरा केला. “मी ताई नाही. मी सांता आहे.”

“मग आमच्या ताई कुठे गेल्या?”

काहीतरी सांगायचं म्हणून म्हटलं, “त्या घरी गेल्या.”

हे ऐकताच एकाचा ओठ खाली वळला. छोट्या गटात एक ओठ वळला की काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. ताई टाकून गेल्या म्हणून अख्खा वर्ग टाहो फोडून रडू लागला. दारात उभे पालक मोबाइलवर चित्रीकरण करत होते. शेवटी दाढीतूनच मी ओरडले, “बोऽट तोंडावर!” सगळी बोटं तोंडावर गेली आणि सगळे डोळे माझ्या गळ्याकडे लागले. सांता म्हणजे मुळात संत निकोलस, चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप. ते मुलांचे पाठीराखे मानले जातात. त्यांच्या गळ्यात काळ्या मण्यांचं मंगळसूत्र कसं, याचा खुलासा मला त्या गडबडीत सुचला नाही. रात्री एका वडिलांचा निरोप आला, ‘मुलगा म्हणतो सांता आमच्या शाळेत रोज असतो आणि डबा संपवला नाही की रागावतो. खरं का?’

नाताळच्या सुट्टीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. वर्गातल्या एकूण एक नाकांमधून जमा केलेली सर्दी सुट्टीच्या पहिल्या सकाळी उगवली आणि आवाज पार बसला. सासूबाईंनी गवती चहाचा काढा दिला, ओव्याची पुरचुंडी शेकायला दिली. मी खाणाखुणा करत अंथरुणात बसून हलव्याचे दागिने ओवले. घरचे म्हणतात, अशी शांत सुट्टी कित्येक वर्षांत झाली नव्हती.

आवाज परत आला तो नेमका संक्रांतीला. दिरांच्या मुलाचं पहिलंच बोरनहाण होतं. काळं झबलं, वर मी ओवलेला मुकुट, हार, बाजूबंद, हातात हलव्याचीच मुरली. पाटाभोवती सोसायटीतली बच्चेकंपनी. सासूबाईंनी बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे ओतले, त्यात हल्लीच्या रिवाजाप्रमाणे रंगीत चॉकलेटच्या गोळ्याही होत्या. पोरं झेपावणार एवढ्यात माझ्या आतून आपोआप आलं, “थांबा! रांग कुठाय? एकाने एकच घ्यायचं. बोऽट तोंडावर!”

पोरं जागच्या जागी थिजली. एक मुलगा रांगेतून पुढे आला, वाकून एक चुरमुरा उचलला, “थँक्यू ताई” म्हणाला आणि जाऊन बसला. मग पुढचा आला. बोरं जमिनीवर तशीच पडलेली. तोवर बाळाने मुरली चाखून संपवली होती आणि बाजूबंद तोंडात घातला होता.

“अगं, ते लुटायचं असतं!” सासूबाई कळवळून म्हणाल्या.

“वहिनी, बोरनहाण आहे हे,” दीर म्हणाले, “रेशनचं दुकान नाही.”

मनाला लागलं ते. म्हणून पुढच्या आठवड्यात शाळेच्या बोरनहाणाला मी मोकळ्या मनाने आरोळी दिली, “लुटा रे!” आमची मुलं आज्ञाधारक. त्यांनी बोरं लुटली, मग ठोकळ्यांचं कपाट, खडूंचा डबा आणि शेवटी माझी पर्स. कंगवा अजून सापडलेला नाही.

रथसप्तमीच्या आत सासूबाईंचं हळदीकुंकू उरकायचं होतं. त्यांचा भिशीचा अख्खा गट आला. पैठण्या, खणाच्या साड्या, आणि प्रत्येकीला गेल्या वर्षभराचं सगळं आजच सांगायचं होतं. हळदीकुंकू, अत्तरदाणी, गुलाबदाणी, तिळगूळ, वाणाची स्टीलची गाळणी असा सगळा जामानिमा हातात घेऊन मी मध्ये उभी. कुणाला लावलं, कुणाला राहिलं, पत्ता लागेना. सासूबाई स्वयंपाकघरात कॉफी उकळत होत्या. मी दोन टाळ्या वाजवल्या.

“चला, सगळ्यांनी गोल करून बसा. मांडी घाला. ज्यांना मांडी येत नाही त्यांनी खुर्चीवर. हाऽत पुढे!”

बसल्या की हो सगळ्या. हात पुढे आले. अत्तर लावायला हे फार सोपं पडतं, हे मी कुठल्याही यजमानीणबाईला सांगेन. ओळीने हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, एकीलाही दोनदा नाही. मला स्फुरण चढलं.

“शाब्बास! आता वाण मिळणार. त्याआधी शू-शूला कुणाला जायचंय?”

स्वयंपाकघराच्या दारात कॉफीचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. गोलात कुणी हलेना. मग खिडकीपाशी बसलेल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच करंगळी वर केली. ते पाहून आणखी दोघींनी केली.

“रांगेत चला,” मी म्हटलं.