निकालाआधीचे अण्णा

नीटचा पेपर मेच्या सुरुवातीला होतो, निकाल जूनमध्ये लागतो. मधल्या दिवसांत सोलापूरच्या सात रस्त्यावर अण्णा उगवतात. संगमेश्वर कॉलेज इथंच असल्यामुळे त्यांचं पीकही इथं जास्त. ऊन उतरलं की चहाच्या गाड्यापाशी उभे. काखेत फाईल. तीत डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, दहावीची मार्कलिस्ट, फिटनेस सर्टिफिकेट, सगळ्याच्या पाच-पाच झेरॉक्स. नाही ते फक्त स्कोअर कार्ड.

त्याशिवाय सीईटी सेलचा फॉर्म पुढं सरकत नाही, हे अण्णांना ठाऊक आहे. "ती नुसती फॉर्म्यालिटी हो," म्हणतात. ॲन्सर की आल्या आल्या पोराला समोर बसवून त्यांनी 180 प्रश्न तपासलेत. बरोबरला चार सरळ मिळवले. चुकीला एक वजा करायची वेळ आली, की "हा तू सोडला होतास ना बे? नीट आठव," असं म्हणून आरोपीला पुन्हा पुन्हा संधी दिली. बेरीज भरली 540. चहा उकळेपर्यंत तिचे 560 झाले आणि विजापूर रोडच्या साडूला फोनवर 575 गेले.

अभ्यास दांडगा. 2024 ला पहिल्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 पडले. 2025 ला देशात पहिल्या आलेल्याला 686. अण्णा पोराचे मार्क 2024 च्या हातानं धरतात आणि कटऑफ 2025 चा लावतात. असं गणित जमवल्यावर कॉलेज मिळणारच, प्रश्न उरतो तो कुठलं नाकारायचं एवढाच. मुंबई नको, हवा दमट. नागपूर नको, तिथलं ऊन पोराला सोसायचं नाही (हे वाक्य रुमालानं मान पुसत, सोलापुरात). लातूर बरं, पण पाण्याचे हाल. पुण्याच्या बीजेला "बघू" म्हणून लटकत ठेवलंय. शेवटी 85 टक्के राज्याच्या कोट्यातून आपलं सिव्हिलजवळचं वैशंपायन मेडिकल. घरचा डबा जाईल.

ही थट्टा वाटेल, पण तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला गाठून अण्णांनी हाडांचा जुना सेट सांगूनसुद्धा ठेवलाय. भाव पाडला. "कवटीला चीर आहे," म्हणाले. ॲडमिशन नाही, पण कवटीचा विसार दिलेला, असा गृहस्थ मला तरी दुसऱ्या कुठल्या धंद्यात दिसलेला नाही.

पोरगा कुठाय? झोपलाय. पेपरपासून झोपलेलाच आहे.

परवा मला डोमिसाईल दाखवताना फाईलच्या मागच्या कप्प्यातून एक पावती खाली पडली. रिपीटर बॅचची. निकालाआधी नाव घातल्यास फीमध्ये सवलत. मी उचलून हातात दिली. अण्णांनी ती घडी घालून खिशात कोंबली.

"शेजारच्या पोराची आहे," ते म्हणाले. "त्याचं काय खरं नाही."