निरंक

पाऊस परतीच्या वाटेला लागला, बालाघाटाच्या माथ्यावरचे सोयाबीन पिवळे पडले आणि पहाटेच्या हवेत किंचित गारवा जाणवू लागला, की कविजनांच्या चित्तात शरद् ऋतूचा उदय होतो, असा प्रवाद आहे. बीड जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी शाळेच्या आमच्या गुरुजींच्या चित्तात मात्र त्या सुमारास केवळ ३० सप्टेंबर ही तारीख उगवते. त्या तारखेची शाळा जशी असेल तशी, म्हणजे तिच्यात वर्गखोल्या किती, शौचालये किती, नळ किती आणि त्यांपैकी पाणी येणारे किती, या साद्यंत तपशिलासह यू-डायस नामक प्रपत्रात उतरवून थेट दिल्लीपर्यंत रवाना करावयाची असते. आणि याविषयीचा पहिला तगादा दिवस उजाडण्यापूर्वीच केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप गटावर येऊन पडलेला असतो.

गुरुजी पन्नाशीच्या पलीकडचे. दुचाकीला अडकवलेल्या पिशवीत शाळेचा गोल शिक्का, शाईची डबी, मतदारयादीची भेंडोळी आणि या सर्वांच्या तळाशी, जणू काही बेकायदा माल असावा तसे दडवलेले, चौथीचे गणिताचे पुस्तक. मुले त्यांना ‘सर’ म्हणतात, म्हातारी माणसे ‘गुरुजी’ म्हणतात, तहसील कचेरी ‘बीएलओ’ म्हणते आणि पंचायत समिती ‘प्रभारी मुख्याध्यापक’ म्हणते. या चार इसमांचा पगार मात्र एकच निघतो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शिक्षकाच्या रक्षणार्थ एक कलम आहे. दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य शिक्षणेतर कामास त्यास जुंपू नये, अशी त्यात स्पष्ट ताकीद आहे. परंतु निवडणुका ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत असतात, मतदारयादी हे तर बारमाही पीकच होय, त्यामुळे त्या अपवादांच्या फटीतून उसाने भरलेली ट्रॉली सहज पार होते. इतके होऊनही शिकवण्यास कायद्याने कोठेही मनाई केलेली नाही, हे ध्यानी घेऊन गुरुजी शिकवतात. फक्त ते चोरून शिकवतात.

या चौर्यकर्मात त्यांनी जे प्रावीण्य संपादन केले आहे, ते पाहण्यासारखे आहे. शालेय पोषण आहाराचा हिशेब रोज लिहावा लागतो. प्राथमिकच्या प्रत्येक मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ आणि वीस ग्रॅम डाळ, असे प्रमाण ठरलेले आहे. गुरुजी हजेरी घेतात, त्रेचाळीस मुले हजर असल्याचे फळ्यावर लिहितात आणि चौथीकडे वळून म्हणतात, ‘‘सांगा, आज डाळ किती?’’ आठशे साठ हे उत्तर येईपर्यंत डाळ शिजण्यास पडत नाही, त्यामुळे गुणाकारात मागे राहणाऱ्या मुलास मास्तरांपेक्षा भुकेल्या सवंगड्यांचेच भय अधिक वाटते. यू-डायसच्या निमित्ताने पहिली-दुसरीच्या मुलांना खिडक्या, नळ आणि झाडे मोजावयास सोडले जाते. दप्तरी ही ‘माहिती संकलन’ म्हणून नोंद होते, वस्तुतः ती अंकओळख असते.

शिवाय या ऋतूत दिवस फार. शिक्षकदिन, साक्षरता दिन, हिंदी दिन, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, गांधीजयंती, असे एकामागून एक दिवस येत राहतात, आणि ज्या दिवशी काहीही नाही असा दिवस उगवलाच, तर त्या दिवशी प्रशिक्षण असते. १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन आणि हात धुण्याचाही दिन. तेव्हा गुरुजींनी ओल्या हातांत पुस्तके धरलेल्या मुलांचे एकच छायाचित्र काढून दोन्ही अहवालांना जोडले. कारण छायाचित्र हे हवेच. हल्ली एखादी गोष्ट घडली, हे अक्षांश-रेखांशांसह तिचे छायाचित्र ‘वर’ गेल्यावाचून मान्य होत नाही.

शिक्षकदिनी चौथीतील एका चुणचुणीत मुलास गुरुजी करण्यात आले. त्याने खुर्चीवर बसून मोबाइल डोळ्यांशी धरला आणि वर्गाकडे न पाहताच दरडावले, ‘‘गप बसा रे, माहिती भरतोय!’’ सारा वर्ग हसला. गुरुजीही हसले, परंतु दुसऱ्या दिवसापासून पहिला तास संपेपर्यंत त्यांचा मोबाइल तांदळाच्या कोठीवर पालथा पडलेला दिसू लागला.

मग प्रथम सत्राचे मूल्यमापन आणि त्यासोबत वर्णनात्मक नोंदी. प्रत्येक मुलाविषयी, प्रत्येक विषयात, काहीतरी निराळे आणि शक्यतो गोड लिहावयाचे, या नियमाने गुरुजींच्या गद्यास अपूर्व बहर येतो. जो मुलगा भिंतीवरून खाली उतरत नाही, तो ‘परिसराचे उंचावरून निरीक्षण करतो’. जी मुलगी अखंड बोलते, ती ‘मौखिक अभिव्यक्तीत अग्रेसर’ असते. आणि जो रोज दुसऱ्याच्या डब्यात हात घालतो, त्याच्या नावापुढे ‘सहकार्याची आवड’ अशी नोंद पडते.

दसऱ्यास पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती उमटते, मुले गुरुजींचे खिसे आपट्याच्या सोन्याने भरून टाकतात, आणि त्याच सुमारास गावात मुकादमाच्या गाड्या लागतात. नवराबायकोच्या जोडीला येथे ‘कोयता’ म्हणतात. उन्हाळ्यापावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी हे कोयते साखर कारखान्यांच्या फडांवर निघतात, आणि कोयत्यामागे मुलेही जातात. गुरुजी घरोघर फिरतात, आज्यांना विनवतात, हंगामी वसतिगृहाची तजवीज सांगतात. काही मुले राहतात, काही जातात. यंदा चौथीतली, वजाबाकीत हातचा हमखास विसरणारी, एक मुलगी गेली. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात गुरुजींनी तिला प्रत्येक उदाहरण उचलीचेच घातले होते: उचल इतकी, फिटली इतकी, तर राहिली किती? त्यानंतर हजेरीपटावर तिच्या नावापुढे शेरा पडला, आणि पट का घटला याचा लेखी खुलासा करावा, असे पत्र आले.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका रात्री गुरुजी मासिक अहवाल भरीत बसले असता बापाच्या मोबाइलवरून तिचा आवाज आला. ‘‘सर, काट्याच्या पावत्या आन् मुकादमाची वही म्या मिळवून पाहिली. वहीत दीड टन कमी व्हता. दादानं दाखवलं, तवा त्यानं दुरुस्त केलं.’’

‘‘हातचा धरला होतास का?’’ गुरुजींनी विचारले.

‘‘धरला व्हता, सर.’’

फोन ठेवून गुरुजी पुन्हा प्रपत्राकडे वळले. पुढचा रकाना ‘या महिन्यात साध्य झालेली उल्लेखनीय शैक्षणिक निष्पत्ती’ असा होता आणि त्याखाली ‘छायाचित्र जोडणे अनिवार्य’ अशी टीप होती. गुरुजींनी क्षणभर विचार केला, चष्मा पुसला आणि वळणदार अक्षरात लिहिले: निरंक.