नारळ नव्या पाइपाला, ठिगळ जुन्याला

पूर्णा नदीच्या पाण्यासाठी परभणीने कमी खटपट केलेली नाही. आधी राहटीचा बंधारा, पुढे थेट जिंतूर तालुक्यातले येलदरी धरण. नळ मात्र अजून काही दिवसांआडच बोलतो.

नव्या योजनेचा नारळ फोडायला मान्यवरांची रांग लागते. व्हॉल्व्हचे पॅकिंग बदलताना कुणी फीत कापत नाही. केंद्राच्या 2008 च्या निकषांत 24 तास पुरवठा, सगळ्या जोडण्यांना मीटर आणि हिशेबाबाहेरचे पाणी फार तर 20 टक्के, असे छान छापले आहे. 2011 साली परभणीत नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पाटी बदलली, जमिनीखालच्या पाइपांना कुणी कळवले नसावे.

कोणता पाइप कुठे, कधीचा, कशाचा, कितीदा फुटला, बदलायला पैसे कुठून, याची नोंद म्हणजे मालमत्ता नियोजन. बऱ्याच गावांत ही नोंदवही व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असते. देवळामागच्या चेंबरमधली चावी किती आटे फिरवायची, ते त्यालाच ठाऊक. तो निवृत्त झाला की नोंदवहीही पेन्शनवर जाते. उरलेले संशोधन जेसीबी करतो.

घरपट्टीसाठी पत्र्याची शेडसुद्धा मोजली जाते. तोच टेप एकदा पाइपांना लावावा आणि अर्थसंकल्पात दुरुस्तीचा रकाना नारळाच्या आधी भरावा.