हिरवी खूण

बडोद्याच्या फतेगंजातील पदपथावर स्कूटर आडवी लावून, तिच्यावरच बैठक मारून, एका हाती सेवउसळीची बशी व दुसऱ्या हाती मोबाईल धरलेला एक विद्यार्थी परवा 'पदपथ कोणासाठी?' या प्रश्नाचे उत्तर देत होता. चार पर्यायांतून त्याने 'पादचाऱ्यांसाठी' हा अचूक निवडला. पडद्यावर हिरवी खूण उमटली. आणि प्रस्तुत पादचारी रस्त्यात उतरून, त्यास वळसा घालून, पुढे गेला.

नागरी जाणिवेचा हा अभ्यासक्रम दोन श्रेयांकांचा. श्रेयांकास 15 तास या हिशेबाने 30 तासांत नागरिक सिद्ध होतो. चित्रफीत पुढे सरकवता येत नाही, ही त्यातली खरी खुबी. 1989 पासून ज्यास अठराव्या वर्षी सरकार घालवण्याचा अखत्यार आहे, त्यास चित्रफितीतील वक्त्याची प्रस्तावना घालवता येत नाही.

सबब, मुले मोबाईल सेवउसळीच्या लारीवर चालू ठेवून भटकतात आणि ते समग्र प्रवचन एकटा लारीवाला ऐकतो. कांदा चिरता चिरता 11 मूलभूत कर्तव्ये त्यास मुखोद्गत झाली असून, "काका, सातव्याचं काय?" असे कोणी विचारताच तो तर्री ओतीत "'क' लखी नाख" असा निवाडा देतो. एवढ्यावर निभावते तर बरे होते. परंतु पदपथाचा धडा चाळिसाव्यांदा कानी पडल्यावर त्या भल्या गृहस्थाच्या अंतःकरणात काही हालले, त्याने आपली लारी पदपथावरून काढून गल्लीच्या तोंडाशी नेली, निम्मे गिऱ्हाईक गमावले, आणि त्या रिकाम्या जागेत दुसऱ्याच दिवशी प्रमाणपत्रधारकांच्या पाच स्कूटरी लागल्या. त्याला प्रमाणपत्र मिळणार नाही. 12 आकडी विद्यार्थी-क्रमांक त्याच्याजवळ नाही.

मुलांवर माझा राग नाही. ज्या बडोदे संस्थानात 1906 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, जेथून पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरत, तेथे नागरिकत्वाच्या अख्ख्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा अशी एक चौकट असू नये, याचा मला संताप येतो! उत्तरेच द्यायची, तीही दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या चारांतले एक.

नळ कोरडा असल्याचा लेखी अर्ज घेऊन एका वसतिगृहातली मुलगी कचेरीत गेली, तेव्हा कागद दाखल होत नाहीत, तक्रार ऑनलाईन करावी, असा हुकूम झाला. तिने केली. तिसऱ्या दिवशी पृच्छा आली: 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले काय?' पर्याय एकच होता, 'होय'. तिने तो दाबला, हिरवी खूण पाहिली, आणि बादली घेऊन लारीवाल्याच्या पिंपाकडे गेली.